पडदे उघडे, पण बघायचं नाही

आम्ही भारतीयांनी गजबजलेलं एडिसन सोडून मिशिगनला चाललोय हे कळल्यावर तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी माझा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही झालं का गं?" झालं काहीच नव्हतं. नवऱ्याला ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत बरी नोकरी मिळाली होती. पण जिथे कढीपत्त्यासाठी दीड तास ड्राइव्ह करावं लागतं अशा गावी कोणी सुखासुखी जात नाही, असं काकूंचं ठाम मत होतं. जाताना त्यांनी मला कढीपत्त्याची कुंडी दिली. ती पहिल्या थंडीत मेली.

गाव डच लोकांचं. त्यांच्या खापरपणजोबांनी समुद्रासारख्या त्या अफाट तळ्याच्या काठी येऊन वसवलेलं. माणसं उंच, स्वच्छ आणि वेळेवर. दुकानाच्या रांगेत दोन अनोळखी माणसं भेटली की आधी आडनाव, मग आजोळ, मग चर्च अशा पायऱ्या उतरत पाच मिनिटांत "म्हणजे तुझी आत्या माझ्या मावसभावाला शाळेत शिकवायची" इथपर्यंत पोचतात. ते ऐकून मला माझ्या मिरजेच्या गल्लीत परत आल्यासारखं वाटलं. तिथेही 'मूळचे कुठले' हे कळल्याशिवाय पाहुण्याला पाणी मिळत नसे.

पण या लोकांची एक गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी वेडं करून गेली. दिवे लागले आणि कोणीही पडदे ओढले नाहीत. मी आणि माझी मुलगी फिरायला निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या खिडक्या, लखलखीत पुसलेल्या, खिडकीच्या कट्ट्यावर डावी-उजवीकडे एकसारख्या दोन कुंड्या, आणि मधोमध सगळं घर मांडून ठेवलेलं. इथे एक कुटुंब बटाटे खातंय, तिथे एक बाई विणतेय, पलीकडे एक जोडपं एकमेकांशी न बोलता टीव्ही बघतंय. ओळीनं नाट्यगृहं, तिकीट नाही, आणि मी पहिल्या रांगेत. मी प्रत्येक खिडकीसमोर मुक्काम करायला लागले.

"आई, डोन्ट स्टेअर," मुलगी म्हणाली. "इट्स क्रीपी."

"अगं, त्यांनीच उघडं ठेवलंय."

"सो? दॅट डझन्ट मीन यू लुक."

ती अमेरिकेत जन्मलेली, तिला हे उपजत कळत होतं. मला पुढे लायब्ररीतल्या एका बाईनं नीट समजावलं. पडदे उघडे ठेवायचे, कारण आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही. आणि रस्त्यावरून जाणाऱ्यानं आत बघायचं नाही, कारण बघण्यासारखं काही नाही. मी मान डोलावली. आमच्या गल्लीत याच्या नेमकं उलट होतं. सगळ्यांचे पडदे बंद, आणि सगळे फटीतून बघणारे. दुसऱ्या दिवशी नळावर कोणीतरी सहज विचारायचं, "काल पाहुणे बरेच उशिरापर्यंत होते, नाही?"

आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध जोडपं राहायचं. ते गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, आणि गावातल्या इतरांसारखे पिढीजात अमेरिकन नव्हते. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीनं हॉलंडहून आलेले. मी तोंडावर त्यांना मिस्टर आणि आडनाव लावून हाक मारायचे, पण मनात ते पहिल्या दिवसापासून काका होते.

ओळख झाली ती गवतामुळे. आल्यावरच्या पहिल्या रविवारी माझ्या नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं नवं मशीन काढून दोन तास लॉन कापलं. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. सोमवारी सकाळी बरोबर नऊ वाजता काका दारात.

"काल तुम्ही गवत कापलंत," ते म्हणाले. "आम्ही रविवारी कापत नाही. देवाचा दिवस असतो. तुम्ही कापू शकता, कायदा नाही. पण सगळे तुमच्याबद्दल बोलतायत आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही. म्हणून मी आलो."

नवरा ओशाळून म्हणाला, "सॉरी, आम्हाला माहीत नव्हतं."

"ते मला माहीत आहे. कापलंतही वाकडं," काका म्हणाले आणि गेले.

मी दार लावून इतकी हसले की खाली बसले. माझ्या आयुष्यात तोंडावर खरं बोलणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. आमच्याकडे खरं हे माणूस उठून गेल्यावर बोलायचं असतं.

मग जाणंयेणं सुरू झालं. म्हणजे जाणं ठरवून, येणंही ठरवून. काकांच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या पत्नीच्या वाढदिवसाला आम्हाला बोलावलं, तेव्हा सगळ्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि आत येणारा प्रत्येक जण वाढदिवस असलेल्या बाईंचं तर करायचाच, पण बसलेल्या प्रत्येकाचंही हातात हात घेऊन अभिनंदन करायचा. आपली मावशी अजून आहे म्हणून अभिनंदन, आपली शेजारीण अजून आहे म्हणून अभिनंदन. सोळा जणांनी माझा हात हलवून मला समोरच्या बाई जिवंत असल्याबद्दल शुभेच्छा दिल्या. मला ते विनोदी वाटलं होतं. पुढच्या वर्षी त्या नव्हत्या, आणि अभिनंदन करायला कोणी जमलं नाही.

त्या घरीच गेल्या, स्वतःच्या पलंगावर, आणि पुढच्या दारानं बाहेर नेल्या गेल्या. काकांनी ते मला अंत्यविधीनंतर चर्चमधल्या जेवणाच्या वेळी सांगितलं. हातात कागदी ताटली, ताटलीत हॅम घातलेला पाव.

"पुढच्या दारानं," ते म्हणाले. "मलाही तसंच जायचंय. मुलगा म्हणतो हायवेजवळच्या त्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये चांगली सोय आहे. मी त्याला सांगितलं, माझी सोय इथे आहे."

मुलगा म्हणजे पन्नाशीचा उंच गृहस्थ, दोन तासांवर राहायचा, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता यायचा. कधी दहाला नाही, कधी तिसऱ्या शनिवारी नाही.

मी घरून काम करते. सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची यादी करायचेच मला पैसे मिळतात. माझं टेबल समोरच्या खिडकीशी होतं आणि समोर काकांचं अख्खं घर. लायब्ररीतल्या बाईंचा नियम मला पाठ होता. पण मिरजेची सवय मानेत असते, ती आपोआप वर होते.

बाई गेल्यावरचं पहिलं वर्ष सगळं ठीक दिसलं. शनिवारी लांब दांड्याच्या ब्रशनं खिडक्या धुणं, रविवारी कोट घालून चर्च, दहाला कॉफी. मग एका सकाळी कट्ट्यावर एकच कुंडी दिसली. दुसरी जमिनीवर होती, आणि काका तिच्याकडे बघत उभे होते. बराच वेळ. ती उचलायची असते हे त्यांना आठवत नव्हतं. नंतर एकदा ते कोट-टोपी घालून दिवाणखान्याच्या मधोमध उभे दिसले. माझी एक मीटिंग झाली, दुसरी सुरू झाली, ते तसेच. मग एका दुपारी स्वयंपाकघरात धूर. मी धावत गेले. किटली जळून काळी झाली होती आणि काका शांतपणे खिडकी उघडत होते.

"काही नाही," ते म्हणाले. मग थांबले, कारण 'काही नाही' हे खरं नव्हतं, आणि खोटं त्यांना जमत नसे. "मी विसरलो. हे तिसऱ्यांदा."

मी डब्यातून उपमा, खिचडी, कधी पुरणपोळी नेऊ लागले. डबा स्वच्छ घासून परत यायचा, रिकामा, बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर 'समोरचं घर'. आमच्या आईनं कोणाचा डबा रिकामा परत केला नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मी त्यांना एकदा तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग मी काय परत करायचं? साखर की डबा?"

त्या थंडीत एकदा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं. न ठरवता. म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"तू बघतेस," ते म्हणाले.

"मी? नाही हो, मी कामात असते."

"बघतेस. मला इथून तू दिसतेस. खिडकीतून दोन्ही बाजूंनी दिसतं."

चोराच्या मनात चांदणं, तेही तोंडावर पसरलेलं.

"मला राग नाही," ते म्हणाले. "माझी बायको असती तर तिला राग आला असता. पण ऐक. माझा मुलगा तुला विचारेल. तो सगळ्यांना विचारतोय. तू जे पाहिलंस ते त्याला सांगितलंस तर वसंतापर्यंत मी त्या होममध्ये असेन. मला इथे मरायचंय. तुला खोटं बोल असं मी म्हणू शकत नाही. ते पाप आहे आणि ते तुझ्याकडून करवून घेणं आणखी मोठं पाप. पण त्यानं विचारलं नाही, तर तू आपणहून सांगू नकोस. एवढंच मागतो."

"आणि विचारलं तर?"

"तर तू तुझ्या देवाला विचार," ते म्हणाले.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मुलगा रस्ता ओलांडून आमच्या दारात आला. आत या म्हटलं तर आला नाही. आधी ठरलेलं नव्हतं ना.

"तुम्ही घरून काम करता," तो म्हणाला. "तुम्हाला आमचं घर दिसतं. वडील एकटे राहू शकतात का? हो किंवा नाही."

आता माझ्या लोकांत असं कोणी विचारत नाही. आमच्याकडे 'काय म्हणतायत बाबा?' असं विचारतात आणि 'बरे आहेत हो आता' असं सांगतात. विचारणाऱ्यालाही कळतं, सांगणाऱ्यालाही कळतं, आणि दोघं मिळून खऱ्यावर एक मऊ दुलई घालतात. माझे वडील अंथरुणाला खिळले होते त्याही महिन्यात मी फोनवर 'आज पेज घेतली बरं का त्यांनी' असंच सांगत होते. ऐकणारा त्यातून काय ते ओळखायचा. हा माणूस ओळखणारा नव्हता. तो माझ्या शब्दाला शब्दाइतकीच किंमत देणार होता, आणि हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं.

"अहो, छान आहेत ते," मी म्हणाले. "अगदी टुणटुणीत. आणि मी आहे ना इथे, बघत असते. तुम्ही मुळीच काळजी करू नका."

त्याचा चेहरा सैल झाला. "थँक यू," तो म्हणाला. "मग मी या उन्हाळ्यापर्यंत तो विषय काढत नाही."

मी कोणासाठी खोटं बोलले? काकांसाठी, असं मी नवऱ्याला सांगितलं. थोडं खरंही होतं. पण ती समोरची खिडकी रिकामी व्हायला नको होती, हेही खरं होतं. दिवसभर घरात मी एकटी, मुलगी कॉलेजला गेलेली, नवरा संध्याकाळी उगवणार. तो माणूस म्हणजे माझी सोबत होती.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला सर्वांत जड जातं. खोटं बोलल्यावर मला समोर बघवेना. काही दिसलं तर ते पुन्हा झाकावं लागणार. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, टेबल हलवू या. आम्ही ते मागच्या भिंतीशी लावलं, मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागले, आणि स्वतःवर खूशही झाले. आता कोणी हो की नाही असं विचारलं, तर मी प्रामाणिकपणे म्हणू शकणार होते की मला माहीत नाही. इतक्या वर्षांनी मी गावचा नियम शिकले होते. पडदे उघडे, पण बघायचं नाही. नवरा म्हणाला, "झालीस बाई एकदाची डच." आम्ही दोघं हसलो.

अकरा दिवसांनी, एका बुधवारी, काका खिडकीजवळ पडले. कुंडीला पाणी घालत होते. कंबरेचं हाड मोडलं. सकाळी दहाच्या सुमारास, असं नंतर कळलं. त्या दिवशी मी सलग काम केलं, मध्ये चहा केला, बहिणीशी मिरजेला फोनवर बोलले, तिला इथला बर्फ किती छान दिसतो ते सांगितलं. दर बुधवारी दोन वाजता चर्चमधली एक बाई वाटाण्याचं घट्ट सूप घेऊन त्यांच्याकडे यायची. ती दोनला आली, कारण ती दोनलाच येते. मी अॅम्ब्युलन्सच्या आवाजानं मागे वळून बघितलं.

त्यांना स्ट्रेचरवरून पुढच्या दारानं बाहेर आणलं.

मुलगा तीन दिवसांनी आमच्याकडे आला. या वेळीही दारातच.

"डॉक्टर म्हणतात त्यांचं डोकं वर्षभर आधीपासून बिघडत चाललं होतं," तो म्हणाला. "जवळ राहणाऱ्याला कळलं असणार, असंही म्हणतात. तुम्ही मला छान आहेत म्हणालात. तुम्हाला माहीत नव्हतं, की तुम्ही खोटं बोललात?"

माझा नवरा मागून म्हणाला, "हे बघा, तिचा हेतू..."

"मी हेतू विचारला नाही."

"खोटं बोलले," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "सांगितल्याबद्दल आभार," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उलट बोलता आलं असतं, निदान रडता आलं असतं. तो पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून गेला आणि बापाच्या घरातलं सामान खोक्यांत भरायला लागला. मी हे सगळं पाहिलं. माझं टेबल अजून भिंतीशीच होतं, मी उभी राहून पाहिलं.

होममध्ये मी महिन्याभरानं गेले, हात रिकामे नकोत म्हणून बेसनाचे लाडू घेऊन. काका चाकाच्या खुर्चीत होते, हडकलेले, पण त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं.

"चार तास," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "मला खिडकीच्या कट्ट्याची खालची बाजू दिसत होती. तिला रंग दिलेला नाही, हे मला माहीतच नव्हतं. मी आडवा पडून म्हणालो, ती बघेल. अकरा वाजले, मी म्हणालो, आता बघेल. मग मी म्हणालो, ती बघत नाहीये."

"नव्हते बघत," मी म्हणाले. "मी टेबल फिरवलं होतं."

"का?"

मी सांगितलं. मुलानं काय विचारलं, मी काय म्हणाले, टेबल कसं हलवलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"हे मूर्खपणाचं होतं," ते म्हणाले. "माझंही मूर्खपणाचं होतं. मी तुला ते सांगायला नको होतं. झालं. हे बोलायला हवं होतं, बोललो. आता लाडू दे."

मी म्हणाले, मी रोज येईन. ते म्हणाले, "रोज नको. गुरुवारी ये. दहाला."

तेव्हापासून मी गुरुवारी दहाला जाते. पहिले काही आठवडे ते मला ओळखत, टीकाही करत, लाडू तुपकट आहे म्हणून सांगत. मग हळूहळू धुकं उतरत गेलं. मेमध्ये घर विकलं गेलं. नव्या लोकांनी खिडकीला पट्ट्यापट्ट्यांचे पडदे लावले आणि ते कायम बंद असतात. आता आत कोण आहे, किती जण आहेत, मला माहीत नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी काकांनी मला विचारलं, "तू कुठे राहतेस?"

"तुमच्या समोर."

त्यांचा चेहरा उजळला. "मग तुला माहीत असेल. मला इथे कोणी नीट सांगत नाही. मी घरी कधी जाणार?"

मी ठरवलेलं होतं, या माणसाशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं की घर विकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते नव्यानंच कळत होतं. ते ओरडले नाहीत. नुसते खांदे खाली आले आणि मग ते भिंतीकडे वळून बसले, मी जाईपर्यंत.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. "तू कुठे राहतेस? मग तुला माहीत असेल." मी पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच खांदे. तिसऱ्या गुरुवारीही. मी प्रत्येक आठवड्याला दहा वाजता जाऊन त्या माणसाचं घर नव्यानं काढून घेत होते, आणि त्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते. तिथली नर्स मला म्हणाली, "तुम्ही येऊन गेलात की ते जेवत नाहीत."

चौथ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, मी घरी कधी जाणार.

"हाड अजून नीट जुळलं नाही," मी म्हणाले. "जुळलं की लगेच."

मला वाटलं, आता हे मान वर करतील आणि म्हणतील, तू खोटं बोलतेस. गवत कापल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून माझ्या नवऱ्याला वाकडं कापलंत म्हणणारा माणूस. मी अगदी मनापासून वाट पाहिली. ते मला पकडतील तर बरं, असं वाटत होतं.

"डॉक्टर म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"हो. डॉक्टरच म्हणाले."

"बरं," काका म्हणाले. "मग थांबतो."

आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.